काळ्या कुसळाचं भात

नताल टीचर कोणाकडून काही घेत नसत. आमच्या हायस्कुलात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. स्टाफरूममध्ये कोणी परसातले पेरू आणले, तर त्या एक घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी घरची केळ्यांची फणी आणून टेबलावर ठेवायच्या. विज्ञान शिकवणारे इद्दिनब्बा सर एकदा म्हणाले होते, "टीचर, आज मी तुम्हाला नमस्कार केलाय. उद्या त्याचे दोन परत करू नका. माझ्या घरी ठेवायला जागा नाही."

सगळे हसले. नताल टीचरही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी सरांच्या जागेवर केळी होतीच.

त्यांचं पूर्ण नाव नतालिया कुटिन्हा. नाताळच्या दिवशी जन्मल्या म्हणून हे नाव. त्या आठवी ते दहावीला कन्नड शिकवत. लग्न केलं नाही. दोघे भाऊ, एक कुवेतला आणि एक हुबळीला, आपापल्या वाट्याची शेतं विकून मोकळे झाले होते. नेल्लिपदव या आमच्या माळाच्या उतारावर, ओढ्याला लागून असलेला भातखाचराचा एक कुणगा तेवढा आईच्या नावावर उरला होता. त्या कुणग्यात त्यांची आई जुल्यानाबाय एकाच जातीचं भात लावी. दाणा तांबडा, टरफलाच्या टोकाला लांब काळं कुसळ. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं ते बी होतं. पीक फार येत नसे आणि कुसळं टोचतात म्हणून मळणीला माणसं कुरकुरत. आसपासच्या सर्वांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. जुल्यानाबायनं सोडलं नाही.

आमच्या शाळेत नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, या भातावाचून होत नसे. नाताळआधीच्या चार आठवड्यांचा आगमनकाळ सुरू झाला, की पहिल्या सोमवारी जुल्यानाबाय डोक्यावर बियाण्याची मुडी घेऊन पदव चढून शाळेत यायची. मुडी म्हणजे पेंढ्याच्या दोरीनं गच्च बांधलेला भाताचा गोळा; आमच्याकडे बी असंच राखतात. पोफळीच्या झावळीचे रुंद, खोलगट देठ, म्हणजे विऱ्या, त्यांमध्ये माती भरून मुलं तयारच असत. जुल्यानाबाय रात्रभर भिजवलेलं भात पेरायची, वरून चिमूटभर माती घालायची आणि प्रत्येक विरीतल्या मातीवर बोटानं क्रूस काढायची. सुट्टी लागायच्या दिवशी गोठा उघडायचा, तोवर वीतभर हिरवं रान उभं राही. मेंढरं, गाई, मेंढपाळ, सगळे त्या हिरव्या शेतात. गोठ्याचं काम माझ्याकडे. मी शाळेच्याच आवारातल्या वरच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो, पण सामान मोजून काढतो आणि मोजून परत ठेवतो म्हणून शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी ते कायमचं माझ्या गळ्यात घातलेलं.

सणाचा शेवटही ठरलेला होता. जानेवारीत तीन राजांचा सण झाला, की जुल्यानाबाय शाळेच्या फाटकात उभी राही आणि घरी जाणाऱ्या मुलांना गोठ्यातला तरवा, म्हणजे ती भाताची रोपं, मूठमूठ वाटून टाकी. केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून द्यायची आणि सांगायची, "मागच्या दारी लाव. भांड्यांचं पाणी जातं तिथं. फेकू नकोस हां, मी विचारणार आहे."

नताल टीचरना हे आवडत नसे. "मम्मी, अर्धी पोरं वळणावरच टाकतात. गुरं खातात."

"गुरांनाही नाताळ असतो," जुल्यानाबाय म्हणे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जुल्यानाबाय आजारी पडली. कुणगा पडीक राहिला. ऑक्टोबरमध्ये, जपमाळेच्या महिन्यात, ती गेली. शेवटच्या दिवशी आम्ही काही जण भेटायला गेलो होतो. बोलणं फारसं उरलं नव्हतं. लेकीला तिनं एवढंच सांगितलं, "बी तुटू देऊ नको, नताल." हे तिनं दोनदा म्हटलं, आणि मग जपमाळ हातात घेतली.

नोव्हेंबरअखेर कामं वाटून द्यायला सिस्टर क्लॅरिस यांनी सभा घेतली. त्या आमच्या मुख्याध्यापिका. मायाळू, पण घाईच्या. तारे कोणी करायचे, गाणी कोणी बसवायची, वस्तीतल्या आजारी माणसांना भेटायला कोणत्या वर्गानं जायचं, हे सगळं झालं. मग त्या म्हणाल्या, "टीचर, तुमच्या घरी यंदा दुःख आहे. गोठ्याच्या भाताचं तुम्ही मनावर घेऊ नका. आपण मूग टाकू. मूग लवकर येतात."

इद्दिनब्बा सर म्हणाले, "सिस्टर, बाळ जन्माला यायचंय, त्याला पहिल्याच दिवशी उसळ?"

"मग गहू टाका."

"भात येईल," नताल टीचर म्हणाल्या. "मम्मीनं बांधलेली मुडी आहे घरात. एप्रिलच्या पिकाची. तिनं स्वतः बांधलीय."

आवाज नेहमीसारखाच होता. सिस्टरांनी यादीत भात लिहिलं.

सोमवारी त्या मुडी घेऊन आल्या. डोक्यावर नाही, रिक्षात मांडीवर. आदल्या रात्री त्यांनी त्यातलं चार शेर भात भिजत घातलं होतं, ते वेगळ्या पिशवीत. मुलांनी विऱ्या मांडल्या. टीचरनी पेरलं, माती टाकली, आणि क्रूस काढायला बोट खाली नेलं तेव्हा जरा थांबल्या. मग काढला. एकेका विरीला वेळ लागत होता. मुलं एरवी दंगा करतात. त्या दिवशी केला नाही.

गुरुवारी काही दिसलं नाही. थंडी आहे, असं मी म्हणालो. पुढच्या सोमवारीही माती तशीच. दहावीच्या मुली रोज सकाळी पाणी शिंपडत आणि वाकून बघत. इद्दिनब्बा सरांनी आपल्या प्रयोगशाळेतला दिवा आणून विऱ्यांवर टांगला. "ऊब लागली की येईल. कोंबडीची पिल्लंसुद्धा अशीच येतात." दिव्यानं माती तेवढी सुकली.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी गोठ्यासाठी बांबू मोजत होतो. नताल टीचर आल्या, एका विरीपाशी बसल्या आणि त्यांनी मातीत बोट घातलं. दाणा काढला, पुसला. काळं कुसळ तसंच होतं. टरफल फुगलं होतं आणि एका बाजूनं बुळबुळीत झालं होतं. त्यांनी दुसऱ्या विरीतला काढला, तिसऱ्या. मग उठून त्या स्टाफरूममध्ये गेल्या. उरलेली मुडी त्यांनी तिथं कपाटावर ठेवली होती. ती खाली घेतली, दोरी सैल केली, आतला एक कोरडा दाणा काढून दाढेखाली धरला आणि चावला.

आमच्याकडे कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. कच्च्या भाताचा दाणा दाताखाली पिठासारखा फुटतो. उकडलेला काचेसारखा कडक लागतो.

त्यांनी आणखी एक चावला. मग मला म्हणाल्या, "सर, हे उकडं आहे."

"सगळं?"

"मुडी एकच आहे. सगळंच असणार." त्या खुर्चीवर बसल्या. "मम्मीनं बियाणं उकडून वाळवून बांधलं."

उकडून वाळवलेलं भात आणि बियाण्याचं भात वरून सारखंच दिसतं, रंगात थोडा फरक. मुडी दुसऱ्या कोणाची असती, तर त्यांनी पेरण्याआधी दाणा चावून पाहिला असता. आईनं बांधलेली मुडी कोण चावून बघतो?

मग त्या सांगू लागल्या. मे महिन्यात त्या दहावीचे पेपर तपासत घरात बसल्या होत्या. मागच्या अंगणात हंड्यात भात उकडत होतं, वास येत होता. खाण्याचंच असेल, असं त्यांना वाटलं. त्याच आठवड्यात आईनं दोनदा त्यांना लुसी म्हणून हाक मारली होती. लुसी म्हणजे आईची बहीण, ती वारून किती तरी वर्षं झाली. "मी म्हटलं, वय झालं. कोणाला सांगितलं नाही. लोकांनी तिला हसू नये म्हणून. आणि तिला वाटत होतं, बी राखलंय. मरताना तेच सांगत होती."

त्या रडल्या नाहीत. मुडीची दोरी पुन्हा घट्ट केली आणि तासाला गेल्या.

ही बातमी शाळेत पसरायला वेळ लागला नाही. सिस्टर क्लॅरिसनी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून घेतलं. मीही होतो तिथं.

"टीचर, शेती केंद्रात बी मिळतं. आज आणलं तर अजूनही चार बोटं वर येईल."

"नको सिस्टर."

"गोठा असा उघडाबोडका कसा ठेवायचा?"

"माती राहू द्या. यंदा आमच्या शेतात तेवढीच आहे."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. गोठ्याचं शेत विकत आणता येतं. त्यांच्या आईनं मागितलेलं ते नव्हतं.

त्या आठवड्यात गावात घरोघर कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, तळायला घेतला. आमच्याकडे ज्या घरी त्या वर्षी मरण झालं, तिथं तारा टांगत नाहीत आणि कढई चढत नाही. शेजारीपाजारी नेवऱ्या, चकल्या, गुळाच्या वड्या असं ताट भरून तिकडे पाठवतात, आणि दुःखाच्या घरानं ते ताट रिकामं परत करायचं असतं. तसाच रिवाज आहे. नताल टीचरच्या घरून एकही ताट रिकामं आलं नाही. प्रत्येकात केळी, नाही तर दोन नारळ. माझ्या बायकोला वाईट वाटलं. "दुःखातसुद्धा हिला आपलं काही नको," ती म्हणाली. "मग आम्ही जायचं तरी कशाला?"

सुट्टीच्या आधीच्या शनिवारी पालक येऊन शाळा झाडून-सारवून देतात. सगळ्या जातीधर्माचे लोक येतात; त्यांचीच मुलं इथं शिकतात. त्या दिवशी पडवी धुवायला आलेल्यांत जलजाक्षी होती. पुजारी आडनावाच्या घरची मुलगी. आमच्याच शाळेत शिकली, लग्न होऊन ओढ्यापलीकडेच राहिली, आता तिचा मुलगा आठवीत आहे. विड्या वळते, घर चालवते, तोंडानं खमकी. ती बादली घेऊन गोठ्यापाशी आली आणि थबकली.

"सर, हे काय? स्मशान मांडलंय की गोठा?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली.

"म्हणजे त्या भाताचं बी उरलं नाही?"

"नाही."

"कोण म्हणतं नाही?" तिचा आवाज चढला. "आमच्या मागच्या दारी काय आहे मग?"

नताल टीचर पलीकडे तोरणं बांधत होत्या. त्या जवळ आल्या. "काय आहे जलजा तुझ्या मागच्या दारी?"

टीचरसमोर जलजाक्षी अजूनही जरा शाळकरी होते. पदर सारखा करत म्हणाली, "जुल्यानाबायचं भात, टीचर. मी नववीत होते तेव्हा त्यांनी फाटकात दिलं होतं."

"आणि तू ते लावलंस?"

"फेकणारच होते. अम्मा म्हणाली, मूठभर तरवा घेऊन काय करायचं? पण जुल्यानाबाय बाजारात भेटल्या की भर लोकांत विचारायच्या, रुजलं का गं? फुटवे आले का? खोटं कसं बोलायचं? जीभ झडेल. म्हणून लावलं. मग पिकलं. मग त्या विचारायला लागल्या, परत पेरलंस का? सुटकाच नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं, सुटले. तर चौथ्या दिवशी माझ्या सासरी हजर! सासूला विचारतात, सुनेनं भात आणलंय ना?"

आजूबाजूला पालक उभे होते, त्यांना हसू आवरेना. नताल टीचर हसल्या नाहीत.

"तेच कशावरून? दुसरं मिसळलं असेल."

"थांबा," जलजाक्षी म्हणाली. बादली तशीच टाकून ती उतारावरून चालू लागली.

परत आली तेव्हा डोक्यावर सूप होतं. सुपात केळीच्या पानावर तरव्याचा सलग पट्टा, मुळांसकट, मातीसकट कापून आणलेला. वायंगणीसाठी, म्हणजे उन्हाळी पिकासाठी, तिनं टाकलेला. चांगला वीतभर, दाट हिरवा. त्याच्या कडेला एक गाठोडं. ते तिनं सोडलं. तांबूस भात, प्रत्येक दाण्याला लांब काळं कुसळ.

नताल टीचरनी त्यातला एक दाणा उचलला आणि दाढेखाली धरला. दाणा फुटला. त्यांनी जिभेवरचं पीठ गिळलं.

"हेच आहे," त्या म्हणाल्या. आणि मग नेहमीच्या सवयीनं, "जलजा, याचे काय द्यायचे तुला?"

जलजाक्षीचा चेहरा उतरला. इतका वेळ ती घामाघूम झाली होती, हसत होती. आता गाठोड्याची टोकं तिनं मुठीत धरली.

"टीचर, तुमच्या आईनं माझ्याकडून काय घेतलं होतं?"

टीचरनी हात मागं घेतला.

"मी विकायला आणलं नाही हे. तुम्हाला द्यायलाच पाहिजे असेल, तर मी सूप उचलते आणि जाते. तुमचा गोठा राहू दे उघडा."

नताल टीचरनी कमरेला खोचलेला पदर सोडला, दोन्ही हातांनी पुढं पसरला आणि वाकल्या. जलजाक्षीनं गाठोडं त्यात रिकामं केलं. भात पडल्याचा आवाज आला. पदर गोळा करून पोटाशी धरला, तेव्हा त्या रडायला लागल्या. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच. आईच्या मातीच्या वेळीही त्या अशा रडल्या नव्हत्या. जलजाक्षी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "असू दे टीचर. मला म्हातारीनं किती छळलंय, तुम्हाला काय सांगू."

तो पट्टा आम्ही कापून विऱ्यांत बसवला. सोमवारी उरलेली मुडी घेऊन नताल टीचर सिस्टरांकडे गेल्या. म्हणाल्या, "हे बी नाही, पण भात आहे. मम्मीनं उकडलंय ते खायलाच. गिरणीतून तांदूळ करून आणते. सुट्टीच्या दिवशी मुलांना केकबरोबर पेज घालू."

"केकबरोबर पेज?" सिस्टर म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "घालू."

मुडी एकच, मुलं तीनशेच्या वर. शिजवायला बसलेल्या बायकांनी घरून आणखी उकडे तांदूळ आणून त्यात टाकले. कोणी किती टाकले, हे कोणी विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी गोठा उघडला. गाणी झाली. फादरांनी आशीर्वाद दिला आणि तरव्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मग पडवीत पंगत बसली. तांबड्या तांदळाची पेज, कैरीचं लोणचं, खोबऱ्याची चटणी. मुलं आधी एकमेकांकडे बघत होती. नाताळला पेज कोण खातं? पण समोर नताल टीचर मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी जलजाक्षी, आणि त्या जेवत होत्या. इद्दिनब्बा सर वाढत होते. त्यांनी टीचरच्या ताटात दुसऱ्यांदा पळी घातली आणि म्हणाले, "हे परत करायचं नाही."

"नाही करत," त्या म्हणाल्या.

नाताळच्या दिवशी त्यांच्या घरी गेलेलं आमचं ताट संध्याकाळी परत आलं. धुतलेलं, रिकामं. बायकोनं ते कपाळाला लावलं आणि फडताळात ठेवलं.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला. पदरातल्या त्या भातातलं निम्मं नताल टीचरनी कुणग्यासाठी भिजवलं होतं, निम्म्याची मुडी स्वतः बांधली होती. बांधायची सवय नव्हती, ती एका बाजूला कलली होती. शाळा सुटायच्या वेळी मी गोठ्याचे मेंढपाळ कागदात गुंडाळत होतो. खिडकीतून फाटक दिसतं. आई उभी राहायची त्याच जागी नताल टीचर उभ्या होत्या, हातात तरवा, खांद्यावर केळीच्या पानांचे तुकडे. मुलं ओळीनं येत होती. एका मुलीनं पुडकं घेतलं, वास घेतला आणि निघाली.

"ए, थांब," टीचरनी तिला हाक मारली. "घर कुठं तुझं?"

"गिरणीच्या मागं, टीचर."

"बरं. मागच्या दारी लाव. मी रविवारी येणार आहे बघायला."